भंगारातून यंत्र, यंत्रातून आरसा, आरशातून आकाश

दुर्बीण म्हटली की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? परदेशातून पेटीत बंद होऊन आलेली महागडी वस्तू. मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत ठेवलेली. सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांनी रांगेत उभे राहून, एक डोळा मिटून, अर्धा मिनिट पाहायची आणि "चला, पुढे सरका" असे ऐकून पुढे जायचे. ही वस्तू आपण आपल्या हाताने बनवू शकतो, हे आपल्याला कोणी सांगितलेच नाही.

खरे पाहता दुर्बिणीचा इतिहास हा हाताने काम करणाऱ्या माणसांचा इतिहास आहे. काच घासणारे, लोखंड कातणारे, नळी जोडणारे असे हात नसते तर एकाही शास्त्रज्ञाला शनीचे कडे दिसले नसते. पेण तालुक्यातल्या डोलवी-वडखळ भागात असे हात घरोघरी आहेत. येथला पोलाद कारखाना पूर्वी इस्पातचा होता, २०१० मध्ये तो जे.एस.डब्ल्यू.कडे गेला. त्याच्या आसऱ्याने फिटर, वेल्डर, टर्नर, क्रेनवाले, कंत्राटी मजूर असे कितीतरी संसार उभे आहेत. खाली नागोठणे आणि रोह्याच्या धाटावपर्यंत हीच कथा. म्हणून आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांनी दुर्बिणीचा हट्ट धरला तेव्हा आम्ही कार्यकर्त्यांनी ठरवले, की दुर्बीण विकत आणायची नाही. तिचा आरसा इथेच घासायचा आणि त्यासाठी घासण्याचे यंत्रही इथेच उभे करायचे. हे काम कसे होते, ते कोणी कोणी केले आणि आपल्या कुटुंबांनी त्यात का पडावे, हे वाचकांपुढे मांडण्यासाठी हा लेख.

भिंग नव्हे, आरसा

आकाश पाहण्याच्या दुर्बिणी मुख्यतः दोन प्रकारच्या. एकीत पुढे भिंग असते, दुसरीत तळाशी खोलगट आरसा. आरशाची दुर्बीण न्यूटनने १६६८ मध्ये बनवली. तिचा धातूचा आरसा जेमतेम सव्वा इंचाचा होता.

हाताने बनवणाऱ्याला आरसाच सोयीचा. चांगल्या भिंगासाठी दोन जातींची काच लागते आणि चार पृष्ठभाग घासावे लागतात. प्रकाश काचेच्या आरपार जात असल्यामुळे काचेच्या पोटातही दोष चालत नाही. आरशाचा मात्र एकच पृष्ठभाग घासायचा. त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर बसतो आणि प्रकाश वरच्यावर परततो. काचेच्या आत एखादा बुडबुडा असला तरी बिघडत नाही.

सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर व्यासाचा आरसा हा शिकणाऱ्यांचा नेहमीचा आरसा. अंधारात पूर्ण उघडलेली आपली बाहुली सुमारे ७ मिलिमीटरची असते. त्या हिशेबाने हा आरसा डोळ्याच्या साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. त्याचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर ठेवले तर काचेच्या मध्यभागी खड्डा किती करावा लागतो? फक्त १.१७ मिलिमीटर. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. या खड्ड्यातून निघणारी काच भरते सुमारे २५ ग्रॅम. सोनाराच्या भाषेत अडीच तोळे! एवढी काच काढायची आणि उरलेली गुळगुळीत करायची, की आकाश उघडते.

पण गुळगुळीत म्हणजे किती? तयार पृष्ठभागात चूक राहिलीच तर ती सुमारे ७० नॅनोमीटरच्या आत असावी लागते. आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीचा हा साधारण हजारावा भाग. आता प्रश्न येतो, भंगारातल्या लोखंडाच्या यंत्राने असली बारीक कारागिरी होईल कशी? यातच या कामाची खरी गंमत आहे.

दोन चकत्यांचे गुपित

एकावर एक अशा दोन सारख्या गोल चकत्या ठेवा. मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घाला. वरची चकती पुढे-मागे घासा. वरची चकती कडेबाहेर सरकते तेव्हा तिचा मधला भाग खालच्या चकतीच्या कडेवर दाबला जातो. साहजिकच वरचीचा मध्य झिजतो आणि खालचीची कड झिजते. वरची खोलगट होत जाते, खालची फुगीर. घासता घासता वरची चकती थोडी फिरवायची आणि आपणही पिंपाभोवती एक-एक पाऊल सरकत राहायचे.

असे हजारो वेळा केले की काय होते? कसेही फिरवले, कुठेही सरकवले, तरी एकमेकांना सगळीकडे चिकटून राहतील असे पृष्ठभाग म्हणजे गोलाचे तुकडे. जिथे उंचवटा असेल तिथे घर्षण जास्त, म्हणून तो आधी झिजतो. माणसाच्या हाताचा अनियमितपणाच अचूक गोल तयार करतो. ७० नॅनोमीटरची अचूकता कोणत्याही महागड्या यंत्रात नसून या घासण्याच्या पद्धतीत आहे. हे समजले की भीती जाते.

मग यंत्र कशाला?

हा प्रश्न आमच्या बैठकीत पहिल्याच दिवशी आला, आणि तो बरोबर होता. एक सहा इंची आरसा हाताने घासता येतो. त्याला साधारण तीस ते साठ तास लागतात. ज्याला वेळ आहे त्याने हातानेच घासावा, हात शिकतो. पण बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला पिंपाभोवती फेऱ्या मारायला सांगणे कठीण. शिवाय आम्हाला एक आरसा नको होता. आजूबाजूच्या वस्त्यांना आणि शाळांना एकेक दुर्बीण मिळावी, असा विचार होता.

आरसा मोठा झाला तर काम किती वाढते तेही पाहा. व्यास दुप्पट केला, म्हणजे सहाचा बारा इंच, तर काढायची काच दुप्पट नाही, आठपट होते. अडीच तोळ्यांचे वीस तोळे होतात. दोन इंच जाड काचेची ती चकती आठ किलोच्या आसपास भरते. ती तासन् तास ढकलायची तर खांदे निकामी होतील.

मोठमोठ्या लोकांनाही हे भोगावे लागले. विल्यम हर्शेल हा मूळचा जर्मनीतला, इंग्लंडमध्ये बाथ गावी संगीत शिकवून पोट भरणारा माणूस. त्याने स्वतः घासलेल्या आरशाने १३ मार्च १७८१ रोजी युरेनस ग्रह शोधला. एकदा पॉलिश करताना सोळा तास त्याने आरशावरचा हात काढला नाही. त्याची बहीण कॅरोलिन त्याला घास भरवत असे आणि वाचून दाखवत असे. पण कॅरोलिन केवळ घास भरवणारी राहिली नाही. तिने स्वतः धूमकेतू शोधले आणि १७८७ पासून तिला राजाकडून वर्षाला ५० पौंड पगार सुरू झाला. शास्त्राच्या कामासाठी बाईला पगार, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

पुढे आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस याने वाफेच्या इंजिनावर आरसे घासायचे यंत्र चालवले आणि १८४५ मध्ये ७२ इंची आरशाची दुर्बीण उभी केली. लिव्हरपूलचा विल्यम लॅसेल हा धंद्याने बिअर बनवणारा. त्यानेही वाफेवरचे यंत्र बनवले आणि त्यावर तयार केलेल्या २४ इंची आरशातून १८४६ मध्ये नेपच्यूनचा उपग्रह ट्रायटन शोधला. यंत्राची कल्पना अशी जुनी आहे. वाफेऐवजी आज विजेची मोटार आली, एवढाच फरक.

यंत्राची जुळणी

आमचे यंत्र जुळवले ते एका फिटर बंधूंनी. कारखान्यात ते कंत्राटावर आहेत. शिक्षण दहावीपर्यंत. कागदावर आकृती दाखवली तेव्हा ते हसून म्हणाले, "साहेब, ही तर पिठाची गिरणी आणि शिवणयंत्र यांचे लग्न लावल्यासारखे आहे!" यापेक्षा चांगले वर्णन आम्हाला आजवर सुचलेले नाही.

यंत्राचे मुख्य भाग तीन. पहिला, खालचा फिरता पाट. यावर खालची चकती बसते आणि सावकाश फिरते. जाड प्लायवूडचा गोल पाट, त्याखाली उभा दांडा आणि दांड्याला दोन बेअरिंग. दुसरा भाग म्हणजे पुढे-मागे हलणारा हात. एका फिरत्या चकतीवर मध्यापासून थोडे बाजूला बोल्ट बसवायचा आणि त्याला लांब पट्टी जोडायची. चकती फिरली की पट्टी पुढे-मागे जाते. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला खाली तोंड केलेली खुंटी असते. ती वरच्या चकतीच्या पाठीवरच्या खोबणीत नुसती टेकते. वरची चकती ढकलली जाते, पण स्वतःभोवती फिरायला मोकळी राहते. ही मोकळीक फार महत्त्वाची. ती नसेल तर गोल होणार नाही. तिसरा भाग म्हणजे मोटार आणि पट्टे.

पाव अश्वशक्तीची, मिनिटाला १४४० फेरे घेणारी मोटार पुरते. जुन्या कपडे धुण्याच्या यंत्राची किंवा गिरणीवाल्याकडची चालते. एवढा वेग आपल्याला नको असतो. दोन इंची पुलीवरून बारा इंची पुलीवर पट्टा घेतला की १४४० चे २४० फेरे होतात. तसेच पुन्हा एकदा केले की ४०. हा झाला हलणाऱ्या हाताचा वेग. तिथून आणखी कमी करून पाटाला मिनिटाला नऊ-दहा फेरे द्यायचे.

येथे एक बारकावा आहे. हाताचे हेलकावे आणि पाटाचे फेरे यांचे प्रमाण नेमके पूर्ण आकड्यात आले, उदाहरणार्थ चारास एक, तर चकती पुन्हा पुन्हा त्याच रेषांवर घासली जाईल आणि काचेवर फुलासारखी नक्षी उमटेल. म्हणून प्रमाण मुद्दाम अडनिडे ठेवायचे. साखळीपेक्षा व्ही-पट्टा बरा, कारण पट्टा किंचित घसरतो. कारखान्यात पट्टा घसरला तर सुपरवायझर ओरडतो. इथे ते घसरणेच उपयोगी पडते, कारण त्यामुळे माणसाच्या हाताचा अनियमितपणा यंत्रात उतरतो.

बोल्टासाठी भोक न पाडता लांबट खाच ठेवली की हेलकावा कमी-जास्त करता येतो. सुरुवातीला हेलकावा व्यासाच्या एक तृतीयांश ठेवतात. सहा इंची आरशासाठी तो दोन इंच, म्हणजे बोल्ट मध्यापासून एक इंचावर.

सांगाडा लोखंडी अँगलचा, वेल्डिंग केलेला. तो जड हवा, हलता कामा नये. पुली, बेअरिंग आणि अँगल आम्ही पेण-वडखळच्या भंगारवाल्यांकडून तोलून घेतले. खालची चकती, म्हणजे घासायचे हत्यार, काचेचेच पाहिजे असे नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसची चकती ओतून तिच्यावर छोट्या फरशीचे तुकडे इपॉक्सीने चिकटवले की झाले. प्लास्टर पाण्याने विरघळू नये म्हणून तेही इपॉक्सीने बंद करायचे. मूर्तींच्या पेण गावात प्लास्टर कसे कालवायचे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. साच्याचे काम एका मूर्तिशाळेत रोजाने जाणाऱ्या ताईंनी अर्ध्या तासात करून दिले.

घासणे आणि धुणे

काम सुरू होते ८० नंबरच्या कार्बोरंडमने. चमचाभर पूड आणि थोडे पाणी. सुरुवातीला करकर आवाज येतो. काही मिनिटांत तो मऊ होतो. पूड झिजली, नवी घालायची वेळ झाली, हे कानाला कळते. खोली मोजायला फिटर बंधूंचे फीलर गेज कामाला आले. आरशावर सरळ पट्टी ठेवून मध्ये पाती सरकवायची. १.१७ मिलिमीटर आले की खोलीचे काम संपले.

मग १२०, २२०, ३२०, ४००, ६०० अशा बारीक बारीक पुडी. प्रत्येक पूड आधीच्या पुडीचे खड्डे पुसते. या टप्प्यावर सर्वात महत्त्वाचे काम आहे धुण्याचे. ८० नंबरचा एकच कण ४०० च्या टप्प्यात आला तर काचेवर असा ओरखडा पडतो की चार दिवसांची मेहनत वाया जाते. पाट, सांगाडा, बादली, नखे, बाह्या, सगळे धुवायचे आणि प्रत्येक नंबरला वेगळे फडके ठेवायचे. आमच्याकडे ही जबाबदारी महिला मंडळातल्या भगिनींनी घेतली. त्यांनी यंत्राभोवती अशी शिस्त लावली की पुरुष मंडळी चपला काढूनच आत येऊ लागली. धुणे-पुसणे या कामाला आपल्या समाजात कोणी किंमत देत नाही. या यंत्रापाशी मात्र त्याच कामावर आरशाचे सारे भवितव्य ठरते.

सुरक्षेबद्दल दोन शब्द, कारण आपली माणसे कारखान्यात बोटे गमावून घरी आलेली आम्ही पाहिली आहेत. पट्टे आणि पुली यांवर जाळीचे झाकण पाहिजेच. ओढणी, पदर आणि सैल बाही यांना यंत्राजवळ मज्जाव. पाणी आणि वीज शेजारी असल्यामुळे अर्थिंग पक्के हवे आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच बसवावा. काच आणि पूड कधीही कोरडी घासू नये. ती धूळ फुप्फुसात जाते. सारे काम ओलेच करावे आणि सांडलेला चिखल वाळण्याआधी पुसावा.

शेवटचा हात माणसाचाच

घासून झालेली काच दुधाळ दिसते. तिला पारदर्शक चकाकी आणण्यासाठी पॉलिश करायचे. यासाठी हत्यारावर राळेचा थर ओततात, त्याचे चौकोनी तुकडे पाडतात आणि सिरियम ऑक्साइड पाण्यात कालवून घासतात. राळ ही थंडीत दगड, उन्हात लोणी. आमच्या कोकणातल्या मे महिन्यात ती बसल्या जागी वाहू लागते, म्हणून पॉलिशचे काम थंडीच्या दिवसांत किंवा रात्री करावे. अंगठ्याचे नख जोराने दाबल्यावर थोडासा ठसा उमटेल, इतकीच ती मऊ हवी. कठीण वाटली तर टर्पेंटाइनचे थेंब घालून पुन्हा वितळवायची.

आता तपासणी. ती करण्याची युक्ती फ्रान्सच्या फूको याने १८५८ मध्ये काढली आणि ती इतकी स्वस्त आहे की आश्चर्य वाटते. आरसा उभा ठेवायचा. समोर २४०० मिलिमीटरवर एक बारीक दिवा आणि त्याच्या शेजारी दाढीचे पाते ठेवायचे. परतून आलेला प्रकाश जिथे एकत्र येतो तिथे पाते हळूच आडवे सरकवायचे आणि पात्यामागे डोळा लावायचा. आरसा अचूक गोल असेल तर सगळा एकदम सारखा काळवंडतो. कुठे उंचवटा किंवा खळगा असेल तर चंद्रावरच्या डोंगरासारख्या सावल्या दिसतात. नॅनोमीटरच्या घरातली चूक उघड्या डोळ्याला दिसते, तीही दाढीच्या पात्याने! आरशावर क्षणभर अंगठा टेकवून पुन्हा पाहिले तर त्या उबेने फुगलेली काचसुद्धा टेकडीसारखी दिसते आणि थंड होता होता मावळते.

या कामात आमच्याकडे सगळ्यात तरबेज निघाली ती अकरावीत शिकणारी एक मुलगी. तिचे वडील नाक्यावर हमाली करतात. गणितात आपण कच्चे आहोत, असे ती स्वतःच सांगत असे. सावली पाहून "काका, डावीकडची कड खाली गेली आहे, हेलकावा कमी करा," असे ती सांगे आणि पन्नाशीचे फिटर बंधू "बरं ताई" म्हणून बोल्ट सरकवत. यंत्र तासन् तास घासते, पण कुठे थांबायचे ते त्याला कळत नाही. शेवटची दुरुस्ती डोळ्याने आणि हातानेच होते. आरसा पास झाला की त्यावर निर्वात भांड्यात ॲल्युमिनियमचा थर चढवून घ्यावा लागतो. हे एकच काम बाहेर द्यावे लागते.

आपल्या महाराष्ट्रात

ही परंपरा आपल्याकडे नाही असे समजू नये. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिची २० इंची आरशाची दुर्बीण वेधशाळा बंद झाल्यावर कोडाईकनालला गेली. पुण्यातच १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था स्थापन झाली. १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने 'आयुका' ही संस्था सुरू झाली. आयुकाने मोठ्या संशोधनाबरोबरच शिक्षकांसाठी आणि हौशी लोकांसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या. त्या कामात अरविंद परांजपे यांचा मोठा वाटा होता. ते पुढे मुंबईच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले. नारळीकर सरांचे २०२५ मध्ये निधन झाले. मोठा शास्त्रज्ञ असूनही मातृभाषेत सामान्यांसाठी लिहिणारा हा माणूस होता.

आणखी एक गोष्ट कामगारांनी लक्षात ठेवण्यासारखी. तमिळनाडूत कावलूर येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या वेणू बाप्पू दुर्बिणीचा २.३ मीटरचा आरसा बंगळुरात, भारतीय हातांनी घासला गेला. तिचा अवजड लोखंडी सांगाडा बनला आपल्या पुणे जिल्ह्यात, वालचंदनगरच्या कारखान्यात.

अमेरिकेत स्प्रिंगफिल्ड नावाच्या कारखान्यांच्या गावी १९२० मध्ये रसेल पोर्टर याने आरसे घासण्याचा वर्ग सुरू केला. त्याचे बहुतेक विद्यार्थी यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार होते. हौशी दुर्बीणकारांची तिथली मोठी चळवळ या कामगारांच्या वर्गातून उभी राहिली. पुढे जॉन डॉब्सन याने जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आणि पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून दुर्बिणी बनवल्या. तो त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवत असे. एस्टोनियात जन्मलेल्या बर्नहार्ड श्मिट याचा उजवा हात लहानपणीच स्फोटात गेला होता. त्याने उरलेल्या एका हाताने जगातले उत्तम आरसे घासले.

आधी पोट की आधी आकाश?

आमच्या वस्तीतल्या एका वडीलधाऱ्या काकांनी या कामाला विरोध केला. त्यांचे म्हणणे आम्ही इथे प्रामाणिकपणे मांडतो. ते म्हणाले, "बाबांनो, पोरांना नोकऱ्या नाहीत, फी भरायला पैसा नाही. तुम्ही वर्गणी काढून चंद्र दाखवणार? हे पोट भरलेल्यांचे उद्योग."

काकांचा प्रश्न खोटा नाही. वर्गणीचा पहिला हक्क फी आणि पुस्तकांचाच आहे, आणि तो निधी आम्ही वेगळा ठेवला. पण आकाश पोट भरलेल्यांसाठी राखून ठेवायचे, हे आम्हाला मान्य नाही. पिढ्यान् पिढ्या आपल्याला हेच सांगितले गेले, की तुमचे काम हातांचे, विचार दुसरे करतील. या यंत्रापाशी हात आणि डोके वेगळे करता येत नाहीत. पट्ट्याचे प्रमाण काढताना गणित आले, सावली वाचताना भौतिकशास्त्र आले, आणि ते शिकवायला कोणी दुरून आले नाही.

दुसरे कारण घराघरातले आहे. ग्रहण लागले की आजही आपल्या काही घरांत गरोदर सुनेला अंधाऱ्या खोलीत बसवतात. भाजी चिरू देत नाहीत, पाणीही पिऊ देत नाहीत. धम्म स्वीकारून इतकी वर्षे झाली तरी ही भीती दाराआड राहिली आहे. भाषणाने ती गेली नाही. भगवान बुद्धांनी आपला धम्म 'एहि पस्सिको' म्हणून सांगितला. या आणि स्वतः पाहा. चंद्रावर सरकणारी ती सावली आपल्याच पृथ्वीची आहे, हे सुनेने आणि सासूने एकाच दुर्बिणीतून पाहिले तर वाद घालायची गरज उरत नाही. चंद्रग्रहण दुर्बिणीतून खुशाल पाहावे. सूर्याकडे मात्र दुर्बिणीतून कधीही, क्षणभरही पाहू नये. डोळा कायमचा जातो. ही सूचना आम्ही दुर्बिणीच्या नळीवरच लाल रंगाने लिहिली आहे.

कारखान्याच्या दिव्यांमुळे डोलवीचे आकाश रात्रीही उजळलेले असते. अंधुक तेजोमेघ इथून नीट दिसत नाहीत. पण चंद्रावरची विवरे, गुरूचे चार उपग्रह आणि शनीचे कडे यांना त्या उजेडाची पर्वा नाही. ती वडखळ नाक्यावरूनही दिसतात. विरोध करणारे काका एका संध्याकाळी आले आणि बराच वेळ शनी पाहत राहिले. मग म्हणाले, "हा साडेसातीवाला तो हाच काय? किती देखणा आहे!" दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन नातवंडांना पाठवून दिले. वर्गणी मात्र अजून दिलेली नाही.

काय करता येईल

एका वस्तीला एक यंत्र पुरेसे नाही, पण पाच-सहा वस्त्या मिळून एक यंत्र पुरते. फिटर, वेल्डर आणि सुतार आपल्याकडे आहेत. ज्यांच्या घरी जुनी मोटार, पुली किंवा जाड काच पडून असेल त्यांनी ती भंगारात घालण्याआधी जवळच्या अभ्यासिकेत विचारावे. शिक्षक बंधू-भगिनींनी दहावीनंतरच्या सुट्टीत चार मुली आणि चार मुलगे एवढ्यापासून सुरुवात करावी. मुली निम्म्या असाव्यात. काच घासताना कोणतीही घाई करू नये. तयार आरसा कोकणच्या दमट हवेत झाकून, सिलिका जेलची पुडी घालून ठेवावा, नाहीतर त्यावरचा थर लवकर खराब होतो.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे. ते आपल्याकडून दिसेल, आणि थंडीचे दिवस असल्यामुळे आकाश निरभ्र असण्याची आशा आहे. पेण, रोहा, महाड, माणगाव या तालुक्यांतल्या निदान काही वस्त्यांत त्या रात्री आपल्याच माणसांनी घासलेला आरसा अंगणात लागलेला असावा आणि घरातली गरोदर लेक-सून रांगेत पहिली उभी असावी. त्यासाठी आरसा घासायला आतापासून लागले पाहिजे.